गोव्यातील लोहखनिज उद्योग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोहखनिज हा वजनाला भारी आणि भावाला हलका माल आहे, आणि या धंद्यातील बहुतेक गोष्टी त्या एका वस्तुस्थितीतून निघतात. सोन्याच्या खाणीत टनभर दगडातून काही ग्रॅम धातू मिळाला तरी हिशेब जमतो. लोहखनिजात दगडाचा निम्म्याहून अधिक भाग लोखंडाचा असूनही नफा टनामागे मोजक्या रुपयांचा असतो, आणि तो मिळवायचा तर लाखो टन माल डोंगरातून उचलून भट्टीपर्यंत न्यावा लागतो. खोदणे त्या मानाने सोपे; वाहून नेणे, पाणी उपसणे आणि निरुपयोगी माती कुठेतरी ठेवणे हेच खरे काम. गोव्यातील खाणींविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. महाराष्ट्रातील खाणींविषयीचा प्रश्न शेवटाकडे स्वतंत्रपणे घेतला आहे.

गोव्यात लोहखनिज नेमके कुठे आहे?

राज्याच्या पूर्वेकडे, सह्याद्रीच्या पायथ्याला समांतर, वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेला सुमारे ९५ किलोमीटर लांबीचा पट्टा आहे. डिचोली आणि सत्तरी तालुक्यांपासून धारबांदोडा, सांगे आणि केपेपर्यंत तो पसरला आहे. उत्तरेस शिरगाव, मये, पाळी, वेळगे, सुर्ल, पिसुर्ले आणि सोनशी, तर दक्षिणेस कोडली, कळये, रिवण आणि कावरे ही नावे वर्तमानपत्रांत वारंवार येतात ती यामुळेच. येथील खनिज मुख्यतः हेमॅटाइट आहे. धारवाड या अतिप्राचीन भूगर्भीय काळातील लोह आणि गारगोटी यांचे एकाआड एक थर असलेल्या खडकातून पाण्याने गारगोटीचा अंश वाहून नेला, लोहाचा अंश मागे राहिला आणि खनिज घडले. वरच्या बाजूला जांभ्याचे कवच, त्याखाली ढेकळांच्या रूपातील खनिज आणि आणखी खाली भुसभुशीत, पावडरीसारखे खनिज, अशी साधारण रचना आढळते. हा खालचा भुसभुशीत थर पाणी धरून ठेवतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण विहिरींच्या प्रश्नात ती पुन्हा येणार आहे.

'ग्रेड' म्हणजे काय, आणि ५८ टक्के हा आकडा सतत का ऐकू येतो?

ग्रेड म्हणजे कोरड्या खनिजातील लोहाचे शेकडा प्रमाण. शुद्ध हेमॅटाइटमध्ये ते सुमारे ७० टक्के असते, त्यामुळे कोणत्याही खाणीचे खनिज त्याहून कमीच भरते. आंतरराष्ट्रीय बाजारात ६२ टक्के लोह असलेल्या फाइन्सचा, म्हणजे बारीक खनिजाचा, भाव हा मापदंड मानला जातो. गोव्याचे बरेचसे खनिज त्याखालचे आहे आणि जुन्या खाणींत चांगला माल आधीच निघून गेल्यामुळे सरासरी उतरत आली आहे.

५८ टक्क्यांचे महत्त्व करामुळे आहे. नोव्हेंबर २०२२ पासून ५८ टक्क्यांपेक्षा कमी लोह असलेल्या लम्प्स (मोठी ढेकळे) आणि फाइन्सवर निर्यात शुल्क नाही, त्यावरच्या मालावर मात्र ३० टक्के आहे. त्याआधी मे २०२२ मध्ये केंद्राने सरसकट ५० टक्के शुल्क लावले होते आणि सहा महिन्यांत मागे घेतले. दुसरा महत्त्वाचा आकडा ४५ टक्क्यांचा. भारतीय खाण ब्युरोने हेमॅटाइटसाठी ठरवलेली ही किमान मर्यादा असून तिच्यावरचा माल टाकाऊ म्हणून फेकता येत नाही, तो वेगळा साठवावा लागतो.

लोहाइतकेच सिलिका, ॲल्युमिना आणि फॉस्फरस यांच्या प्रमाणालाही खरेदीदार महत्त्व देतात. ॲल्युमिना जास्त असेल तर झोतभट्टीतील मळी घट्ट होते आणि कोळसा अधिक जळतो. तेवढ्यासाठी भावातून रक्कम कापली जाते.

हे प्रमाण ठरवते कोण आणि कसे?

प्रयोगशाळा, आणि त्यावर लाखोंचे व्यवहार अवलंबून असल्याने नमुना घेण्याची पद्धत काटेकोर असते. जहाज भरत असताना ठरावीक टनांगणिक कन्व्हेयर पट्ट्यावरून थोडा थोडा माल उचलला जातो. तो एकत्र करून बारीक केला जातो, शंकूच्या आकाराचा ढीग रचून वरून दाबून सपाट केला जातो, त्याचे चार समान भाग पाडतात, समोरासमोरचे दोन ठेवतात आणि दोन टाकून देतात. नमुना मूठभर होईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा केले जाते. ओलाव्यासाठी वेगळा नमुना १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत भट्टीत सुकवतात. पैसे कोरड्या टनावर मिळतात, त्यामुळे ५०,००० टनांच्या जहाजात ओलावा एक टक्क्याने जास्त निघाला तर ५०० टनांचे पैसे गेले असे समजायचे. नमुना घेताना विक्रेता आणि खरेदीदार दोघांचेही प्रतिनिधी हजर राहतात. परस्परांवर विश्वास असला तरी ही पद्धत कोणी मोडत नाही.

खाण सुरू करण्यापूर्वी कोणत्या परवानग्या लागतात?

खाणपट्टा, म्हणजे ठरावीक जमिनीतून खनिज काढण्याचा हक्क, राज्य सरकार देते आणि २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर तो लिलावानेच, ५० वर्षांच्या मुदतीसाठी द्यावा लागतो. पट्टा हाती आला म्हणजे खोदायला मोकळीक मिळाली, असे होत नाही. भारतीय खाण ब्युरोकडून खाण आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणीय परिणामांचा अहवाल तयार करून जनसुनावणी घ्यावी लागते आणि त्यानंतर पर्यावरण दाखला मिळतो. वनजमीन असेल तर १९८० च्या वन कायद्याखाली स्वतंत्र मंजुरी लागते, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते आणि कामगारांच्या सुरक्षिततेसाठी धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचे नियम पाळावे लागतात. लिलाव होऊन वर्ष-दीड वर्ष उलटले तरी खाण सुरू होत नाही, अशी तक्रार खाण अवलंबितांकडून ऐकू येते, तिचे उत्तर या यादीत आहे.

यांपैकी जनसुनावणी हीच एक जागा अशी आहे की जिथे गावकऱ्याचे म्हणणे अधिकृत नोंदीत जाते. तेथे तोंडी बोलण्याबरोबर लेखी निवेदन द्यावे आणि त्यात 'प्रदूषण होते' असे मोघम न लिहिता कोणती विहीर, कोणता ओहोळ, किती अंतरावर, हे लिहावे. पुढे प्रकरण न्यायालयात गेले तर तीच नोंद उपयोगी पडते.

प्रत्यक्ष खोदकाम कसे चालते?

गोव्यातील सर्व लोहखनिज खाणी उघड्या आहेत, भूमिगत नाहीत. आधी झाडे आणि वरची सुपीक माती काढली जाते. ती माती पुढे डंपावर, म्हणजे निरुपयोगी मातीच्या ढिगाऱ्यावर, झाडे लावण्यासाठी वेगळी ठेवणे अपेक्षित असते. मग जांभा आणि मधली चिकणमाती काढत खाण पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते. या पायऱ्यांना बेंच म्हणतात. त्यांची उंची आणि रुंदी सुरक्षिततेच्या नियमांनी बांधलेली असते, कारण पावसात भिजलेली उभी भिंत कधी कोसळेल याचा नेम नसतो. येथील थर मऊ असल्यामुळे बऱ्याच ठिकाणी सुरुंगाची गरज पडत नाही. डोझरच्या नांगराने माती फोडायची आणि पोकलेनने टिपरमध्ये (माल ओतणाऱ्या ट्रकमध्ये) भरायची एवढ्यावर काम भागते. छत्तीसगडमधील बैलाडिलासारख्या कठीण खडकाच्या खाणींत मात्र सुरुंग रोजचाच.

एक टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन निरुपयोगी माती आणि दगड काढावे लागतात. वीस लाख टन विकणाऱ्या खाणीला त्यासाठी पन्नास-साठ लाख टन माती हलवून कुठेतरी रचावी लागते. खाणपट्टे लहान, गावे जवळ आणि जमीन उताराची, त्यामुळे ही माती ठेवायला जागा हाच गोव्यातील खाणींचा जुना पेच आहे. पूर्वी ती पट्ट्याबाहेर खासगी जमिनींवर टाकली जाई. आता सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ते बंद झाले आहे.

निघालेले खनिज चाळून लम्प्स आणि फाइन्स वेगळे केले जातात. ढोबळमानाने १० मिलिमीटरपेक्षा मोठे ते लम्प्स, लहान ते फाइन्स. हलका माल धुऊन, चाळून, हायड्रोसायक्लोनमधून (पाण्याच्या भोवऱ्याने जड-हलके कण वेगळे करणाऱ्या यंत्रातून) फिरवून त्यातील चिकणमाती काढतात. धुण्याचे गढूळ पाणी बांध घातलेल्या तलावात साठवून गाळ खाली बसू देतात. असा बांध फुटला तर काय होते हे ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी दिसले. २७० माणसे त्या गाळाखाली गेली. गोव्यातील तलाव त्या मानाने पुष्कळ लहान आहेत, पण पाऊस मात्र तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो.

खाणीमुळे गावातील विहिरी का आटतात?

खनिजाचा भुसभुशीत थर पाणी धरून ठेवतो, हे वर आले आहे. खाणीचा खड्डा, म्हणजे खंदक, भूजलाच्या पातळीखाली गेला की आजूबाजूच्या जमिनीतील पाणी उतार धरून खंदकात जमू लागते. कोरड्यात काम करता यावे म्हणून ते पंपाने अहोरात्र उपसावे लागते, आणि जितके उपसावे तितके अधिक लांबून पाणी खंदकाकडे ओढले जाते. गोव्यातील काही खंदक समुद्रसपाटीच्याही खाली गेलेले आहेत. अशा वेळी डोंगरउतारावरच्या झरी आणि विहिरी आधी कोरड्या पडतात. लईराई देवीच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेले शिरगाव हे याचे ठळक उदाहरण. भोवताली खंदक आणि पिण्याचे पाणी टँकरने, अशी अवस्था त्या गावाने वर्षानुवर्षे पाहिली.

उपसलेले पाणी ओहोळात सोडले जाते. ते न निवळता सोडले तर त्याच्याबरोबर बारीक लाल गाळ शेतात आणि कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) उतरतो. भाताच्या शेतात असा गाळ वाळला की त्याची टणक पापडी बनते आणि नांगर चालत नाही. मात्र चित्र सर्वत्र एकसारखे नाही. काही गावांत खाणीच्या उपशाचे पाणी वायंगण (पावसाळ्यानंतरच्या) शेतीला मिळत होते आणि खाणी बंद पडल्यावर पंपही थांबल्याने तीच शेती पाण्यावाचून राहिली. म्हणून 'खाण असली की पाणी जाते, बंद झाली की परत येते' हे सरळसोट गणित मांडणाऱ्याने एकदा त्या गावाचा नकाशा आणि उपशाचा इतिहास पाहावा.

खाणीतून निघालेले खनिज जहाजापर्यंत कसे पोहोचते?

गोव्याचा खाण उद्योग उभा राहिला तो नद्यांमुळे. ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात खनिज समुद्रापर्यंत नेण्यासाठी कंपन्यांना शेकडो किलोमीटर स्वतःचे रेल्वेमार्ग बांधावे लागले आणि आज तेथे सुमारे अडीच किलोमीटर लांबीच्या मालगाड्या धावतात. गोव्यात खाणीपासून दहा-वीस किलोमीटरवर मांडवी किंवा जुवारीचा भरतीचे पाणी येणारा काठ सापडतो. त्यामुळे थोडे अंतर टिपरने आणि उरलेले बार्जने (नदीतून माल नेणाऱ्या सपाट तळाच्या नौकेने) अशी स्वस्त व्यवस्था बसली. उंची ग्रेड नसूनही गोव्याचे खनिज अर्धशतकाहून अधिक काळ जागतिक बाजारात टिकले याचे श्रेय या व्यवस्थेला द्यावे लागते.

खाणीच्या फाटकावर टिपर आधी रिकामा आणि मग भरून वजनकाट्यावर चढतो. वजन ऑनलाइन नोंदले जाते, स्वामित्वधन (खनिजासाठी सरकारला द्यायची रक्कम) भरलेल्या साठ्यातून तेवढा माल वजा होतो आणि वाहतूक परवाना छापून चालकाच्या हाती येतो. त्यावर वाहनाचा क्रमांक, कुठून कुठे आणि किती वाजेपर्यंत हे लिहिलेले असते. वाहनाला जीपीएस लागते, हौद्यावर ताडपत्री लागते. पूर्वी कागदी पावत्यांचा जमाना होता आणि एकाच पावतीवर अनेक फेऱ्या मारल्याच्या तक्रारी होत. आजची पद्धत त्यातून आली. आमोणे, उसगाव, सारमानस अशा धक्क्यांवर टिपर माल ओततो, लोडर तो पट्ट्यावर चढवतो आणि पट्टा बार्जच्या पोटात सोडतो. एका बार्जमध्ये साधारण हजार ते अडीच हजार टन माल मावतो, म्हणजे दहा टनांचे शंभराहून अधिक टिपर. बार्ज भरतीची वेळ साधून मुरगाव बंदराकडे निघते. तेथे धक्क्याला लागलेल्या जहाजात, किंवा जहाज मोठे असेल तर खोल पाण्यात नांगरलेल्या ट्रान्सशिपरच्या (बार्जमधला माल जहाजात चढवणाऱ्या तरंगत्या यंत्रणेच्या) साहाय्याने, माल चढवला जातो.

रस्त्यावरचा टप्पा सर्वांत छोटा, पण सर्वाधिक त्रास तोच देतो. अरुंद गावरस्त्यावरून दिवसाला शेकडो फेऱ्या, त्यांची धूळ आणि अपघात. २०१७ च्या एप्रिल महिन्यात सत्तरीतील सोनशीच्या ग्रामस्थांनी धूळ आणि पाण्याच्या प्रश्नावर टिपर अडवले आणि त्यांतील ४५ जणांना तुरुंगात जावे लागले. तेव्हापासून वाहतुकीच्या फेऱ्या, वेळा आणि मार्ग यांवरील निर्बंध हा प्रत्येक खाणीच्या दाखल्यातील कळीचा भाग झाला आहे. खाणींसाठी स्वतंत्र बगलमार्ग हवा, ही मागणी मान्य सर्वांना आहे. जमीन कोणाची घ्यायची यावर गाडे अडते.

पावसाळ्यात काम का थांबते?

बेंच घसरण्याची भीती आणि चिखल ही कारणे उघड आहेत. मांडवीचे मुख पावसाळ्यात वाळूच्या दांड्यामुळे आणि लाटांमुळे बार्जसाठी धोक्याचे ठरते, त्यामुळे बार्ज कुंभारजुवे कालव्यातून वळवून जुवारीमार्गे न्याव्या लागतात. आणखी एक कारण फारसे सांगितले जात नाही. भिजलेले फाइन्स जहाजाच्या पोटात हिंदकळून चिखलासारखे वाहू लागतात, माल एका अंगाला सरकतो आणि जहाज कलंडते. २००९ च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ 'एशियन फॉरेस्ट' आणि पारादीपजवळ 'ब्लॅक रोझ' ही फाइन्स वाहणारी जहाजे बुडाली. तेव्हापासून मालातील ओलावा सुरक्षित मर्यादेच्या आत असल्याच्या प्रमाणपत्राकडे कप्तान गांभीर्याने पाहू लागले.

गोव्याचे खनिज देशातील कारखान्यांना न देता परदेशी का पाठवले जाते?

पोर्तुगीज काळापासून हा उद्योग निर्यातीसाठीच वाढला. १९५० च्या दशकात जपानच्या पोलाद उद्योगाला खनिज हवे होते, आणि गोवा तेव्हा भारतात नव्हता. मुक्तीनंतरही देशातील कारखाने जमशेदपूर, भिलाई, राउरकेला असे आपापल्या खाणींच्या जवळ होते आणि त्यांना जवळचे, उंची ग्रेडचे खनिज मिळत होते. गोव्याचा हलका माल घाट चढवून तेथे नेणे कोणालाच परवडण्यासारखे नव्हते. २००३ नंतर चीनची मागणी उसळली, तेथील कारखाने हलका माल ऑस्ट्रेलिया-ब्राझीलच्या उंची मालात मिसळून वापरू लागले, आणि जो माल गोव्यात 'रिजेक्शन' म्हणून डंपावर पडला होता त्यालाही गिऱ्हाईक मिळाले. २०१०-११ मध्ये गोव्यातून सुमारे ५ कोटी टन निर्यात झाली. त्यात कर्नाटकातून आलेला मालही होता. ज्या रस्त्यांवर आणि नद्यांवर आधी याच्या निम्माही माल नव्हता, त्यांच्यावर अवघ्या काही वर्षांत एवढा भार आला. पुढील अनर्थाची बीजे त्या घाईत आहेत, असे आमचे मत आहे.

देशाच्या एकूण चित्रात गोव्याचा वाटा आता लहान आहे. भारतात २०२३-२४ मध्ये सुमारे २७.७ कोटी टन लोहखनिज निघाले आणि त्यातील निम्म्याहून अधिक एकट्या ओडिशाचे होते.

भाव कोण ठरवते आणि सरकारला त्यातून काय मिळते?

२०१० पर्यंत मोठ्या खाण कंपन्या आणि पोलाद कंपन्या वर्षाचा एक भाव वाटाघाटीने ठरवत. ती पद्धत मोडली आणि चीनच्या बंदरात पोहोचलेल्या ६२ टक्के फाइन्सच्या रोजच्या निर्देशांकावर व्यवहार होऊ लागले. हा भाव २०१५ च्या अखेरीस टनाला ४० डॉलरच्या खाली उतरला होता आणि मे २०२१ मध्ये २३० डॉलरच्या वर गेला होता. एवढ्या चढउतारात हलक्या ग्रेडची खाण भाव पडताच आधी बंद होते आणि भाव चढल्यावर सर्वांत शेवटी सुरू होते.

सरकारचे येणे तीन-चार वाटांनी असते. लोहखनिजावरील स्वामित्वधन २०१४ पासून सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के आहे. ही सरासरी किंमत ग्रेडनुसार दर महिन्याला भारतीय खाण ब्युरो जाहीर करतो. समजा एखाद्या ग्रेडची किंमत टनाला २,००० रुपये जाहीर झाली, तर स्वामित्वधन ३०० रुपये. त्यावर जिल्हा खनिज निधीसाठी, लिलावाने दिलेला पट्टा असेल तर स्वामित्वधनाच्या १० टक्के, म्हणजे आणखी ३० रुपये. लिलावातील बोली याहून वेगळी. बोली म्हणजे निघालेल्या खनिजाच्या किमतीचा किती टक्के हिस्सा सरकारला देणार, याचे वचन. डिसेंबर २०२२ पासून झालेल्या गोव्याच्या पहिल्या लिलावांत डिचोली ब्लॉकची बोली ६३ टक्क्यांच्या पुढे आणि शिरगाव-मये ब्लॉकची ९५ टक्क्यांच्या पुढे गेली. ओडिशात २०२० मध्ये तर काही बोली शंभर टक्के ओलांडून गेल्या होत्या. जाहीर सरासरी किमतीपेक्षा आपला माल महाग विकला जाईल किंवा स्वतःच्या कारखान्यात वापरता येईल, या भरवशावर असे आकडे लावले जातात. भाव पडल्यावर हा भरवसा किती टिकतो, हे पाहण्यासारखे आहे. सरकारी तिजोरीच्या अंदाजपत्रकात बोलीचा आकडा धरला जातो, प्रत्यक्षात मात्र खनिज निघेल तेवढ्यावरच पैसे मिळतात.

२०१२ आणि २०१८ मध्ये खाणी का बंद झाल्या?

याचे मूळ पोर्तुगीज काळात आहे. त्या राजवटीने १९०६ च्या हुकूमनाम्याखाली खाणींच्या सवलती दिल्या होत्या आणि त्या कायमस्वरूपी होत्या. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून त्या रद्द केल्या आणि त्यांचे रूपांतर भारतीय कायद्याखालील खाणपट्ट्यांत केले. खाणमालकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले, उत्पादन मात्र चालू राहिले. पुढे भाव चढले, उत्पादन वाढले, अभयारण्यांच्या हद्दीजवळ खोदकाम झाल्याच्या, परवान्यापेक्षा जास्त माल काढल्याच्या तक्रारी वाढल्या आणि केंद्राने न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोग नेमला. आयोगाचा गोव्यावरील अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत मांडला गेला. त्यात नुकसानीचा अंदाज सुमारे ३५,००० कोटी रुपये इतका होता. हा आकडा उद्योगाने मान्य केला नाही. तीनच दिवसांनी राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या, केंद्राने पर्यावरण दाखले रोखून धरले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम व वाहतूक दोन्ही थांबवली.

२१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने तारखांचा हिशेब मांडला. रूपांतरित पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर १९८७ रोजी संपली, कमाल २० वर्षांचे नूतनीकरण धरले तरी २२ नोव्हेंबर २००७ रोजी ते संपले, तेव्हा त्यानंतरचे सर्व खाणकाम बेकायदा. निकालात वर्षाला २ कोटी टनांची अंतरिम मर्यादा घातली गेली, राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकामास मनाई झाली आणि विक्रीच्या रकमेचा १० टक्के हिस्सा भावी पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगण्यात आले. या शेवटच्या तरतुदीची चर्चा हवी तितकी झाली नाही, असे आम्हांला वाटते. खनिज एकदा विकले की संपते, मग त्याचे पैसे उत्पन्न म्हणून खर्चून टाकायचे की मालमत्ता म्हणून राखायचे, असा तो प्रश्न होता.

निकालानंतर राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचे दुसऱ्यांदा नूतनीकरण केले. लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा अध्यादेश १२ जानेवारी २०१५ रोजी आला आणि बरीच नूतनीकरणे त्याच्या आगेमागेच उरकली गेली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सर्व रद्द केली आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या. लिलावाने दिलेली पहिली खाण, डिचोलीची, २०२४ मध्ये सुरू झाली.

बंदीच्या काळात खाण अवलंबितांचे काय झाले?

खाणीतील कायम कामगार संख्येने थोडे. खरा पसारा बाहेरचा : टिपरमालक, चालक, बार्जमालक, खलाशी, पोकलेन भाड्याने देणारे, गॅरेज, पेट्रोलपंप, खानावळी. तेजीच्या काळात अनेकांनी बँकेचे कर्ज काढून दोन-तीन टिपर घेतले होते. ते अंगणात उभे राहिले, हप्ते मात्र चालू राहिले. सरकारने २०१४ मध्ये कर्जसवलत योजना आणली आणि काहींची सुटका झाली. ज्यांच्या शेताची आधीच गाळाने माती झाली होती आणि घरातला टिपरही बंद पडला, त्यांचे नुकसान दुहेरी झाले. त्यामुळे एकाच घरात खाणीच्या बाजूचा मोर्चा आणि खाणीविरुद्धची याचिका अशी दोन्ही मते नांदताना दिसतात, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही.

जुन्या डंपांत अजून खनिज आहे का?

आहे, आणि पुष्कळ आहे. पूर्वी ५८ टक्क्यांखालचा माल टाकाऊ समजून रचून ठेवला जाई. आता धुण्याच्या आणि चुंबकीय पद्धतीच्या यंत्रांनी त्यातून विक्रीयोग्य माल काढता येतो. डंप हलवणे म्हणजे नवे खोदकाम न करता खनिज मिळवणे, असा त्याचा प्रचार होतो. पण चाळीस वर्षांत डंपावर झाडे वाढलेली असतात, उतार स्थिरावलेला असतो आणि ते उघडले की पहिल्या पावसात गाळ पुन्हा ओहोळाला लागतो. जमीन कोणाची, डंप कोणाचा आणि स्वामित्वधन आधी भरले होते का, हे वाद वेगळेच.

महाराष्ट्रातही लोहखनिज आहे ना?

सिंधुदुर्गात रेडी येथे जुनी खाण आणि बंदर आहे. दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे गावकऱ्यांचा विरोध गाजला, आणि २०२१ च्या पावसाळ्यात तेथील खाणीचा डोंगर खचून साचलेले पाणी व गाळ वस्ती आणि बागायतीत घुसला. भूगर्भ आणि पाऊस यांच्या दृष्टीने हा सारा भाग गोव्याच्या पट्ट्याचाच शेजारी.

विदर्भाची गोष्ट निराळी आहे. चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या खनिजाने जमशेटजी टाटांचे लक्ष एकोणिसाव्या शतकातच वेधले होते, पण जवळच्या वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालणारा निघाला नाही. पुढे दोराबजी टाटांना नागपूरच्या संग्रहालयातील भूगर्भीय नकाशात दुर्गजवळचा लोहसाठा दिसला आणि शोध पूर्वेकडे सरकला, तो अखेर मयूरभंज आणि जमशेदपूर येथे थांबला. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय आज नागपुरातच आहे.

सध्या राज्यातील सर्वांत मोठी खाण गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडला आहे. पट्टा २००७ मध्ये दिला गेला, काम २०१६ मध्ये सुरू झाले, त्याच डिसेंबरमध्ये माओवाद्यांनी ७० हून अधिक वाहने जाळली, मधली काही वर्षे काम बंद राहिले आणि २०२१ पासून ते मोठ्या प्रमाणावर चालू आहे. येथे गोव्यासारखी नदी नाही. शेकडो अवजड ट्रकांनी आलापल्लीकडील रस्त्यांची चाळण केली, तेव्हा खनिजाची भुकटी पाण्यात मिसळून हेडरीहून कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटर नळातून नेण्याची योजना राबवली गेली. रस्त्यावरचा भार त्याने कमी होतो. माडिया समाजाच्या ठाकूरदेवाचे स्थान असलेला डोंगर, सामूहिक वनहक्क आणि आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखालील ग्रामसभांची संमती हे प्रश्न नळाने सुटणारे नाहीत.

खाणीविरुद्ध तक्रार कोठे करावी?

धूळ, गढूळ पाणी आणि आवाज यांसाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ. परवान्यावाचून किंवा जादा वाहतुकीसाठी खाण संचालनालय. आराखड्याबाहेर खोदकाम किंवा डंप असेल तर भारतीय खाण ब्युरो. बेंच कोसळण्याचा धोका किंवा कामगारांची सुरक्षितता असेल तर खाण सुरक्षा महासंचालनालय. पर्यावरण दाखल्याच्या अटी जाहीर असतात. त्या मिळवून, कोणत्या अटीचा भंग झाला तिचा क्रमांक तक्रारीत लिहावा. तारीख आणि वेळेसह छायाचित्रे जोडावीत. शक्य असेल तर ग्रामसभेचा ठरावही जोडावा.

खाण संपल्यावर त्या जागेचे काय होते?

प्रत्येक खाणीचा समाप्ती आराखडा आधीच मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी आर्थिक हमीही द्यावी लागते. डंपाचे उतार कमी करणे, त्यांवर झाडे लावणे, पाण्याचे मार्ग बांधून काढणे आणि खंदक भरणे किंवा जलाशय म्हणून राखणे, एवढे त्यात येते. साखळी येथील जुन्या खाणीच्या जागेवर झाडी उभी राहिली आणि फुटबॉल अकादमीही चालू झाली, हे गोव्यातील नेहमी दाखवले जाणारे उदाहरण आहे. ते खरे आहे, पण एकट्याचे आहे. मोठे खंदक पूर्ण भरण्याइतकी माती आणि पैसा सहसा उपलब्ध नसतो, त्यामुळे बहुतेकांत पाणी साचते. उन्हाळ्यात नदीची पातळी उतरली की जलसंपदा खाते काही खंदकांतील पाणी पंपाने नदीत सोडून पिण्याच्या पाण्याची तूट भरून काढते. असे पाणी घ्यायचे तर त्यातील लोह आणि मँगनीज यांची तपासणी नियमित व्हायला हवी आणि खंदकाच्या भिंतींना कुंपण हवे. ज्या खंदकांचा पट्टा रद्द झाला आणि लिलावही झाला नाही, तेथे ही जबाबदारी जुन्या पट्टाधारकाची की सरकारची, हे प्रत्येक ठिकाणी कागद पाहूनच ठरवावे लागते.